खुनी कोण, हे गावाला तेव्हाच माहीत होतं

प्रश्न एका होतकरू लेखिकेचा आहे. त्यांच्या मराठी कादंबरीची नायिका अमेरिकेत खासगी डिटेक्टिव्ह आहे. मिसिसिपी राज्यात १९६४ साली एका कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला, कुणालाच शिक्षा झाली नाही आणि आज त्याच्या पुतणीनं हे काम नायिकेकडे दिलंय. अशी बाई प्रत्यक्षात काय करू शकते, कायदा तिला किती मोकळीक देतो आणि शेवटी कुणी तुरुंगात जाईल का, असं त्यांनी विचारलंय. मी जॉर्जियात परवानाधारक खासगी तपासनीस म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. बहुतेक काम बचाव पक्षाच्या वकिलांसाठी असतं, अधूनमधून अशा जुन्या प्रकरणांतल्या कुटुंबांसाठीही. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तुमच्या आराखड्यात नायिका शेवटच्या प्रकरणात खुनी शोधून काढते. तिथेच मला अडचण दिसते. दक्षिणेतल्या या खुनांमध्ये खुनी कोण हे रहस्य क्वचितच असायचं. गावाला माहीत असायचं, शेरीफला माहीत असायचं, पुष्कळदा एफबीआयच्या फायलीतही नावं लिहिलेली असायची. एमेट टिल या शिकागोच्या चौदा वर्षांच्या मुलाला १९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीतल्या मनी गावातून रात्री उचलून नेलं आणि मारलं. दोघांवर खटला चालला. ज्युरीत सगळे गोरे पुरुष होते, त्यांनी तासाभराच्या चर्चेत दोघांना निर्दोष सोडलं. पुढच्याच वर्षी त्या दोघांनी एका मोठ्या मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची साग्रसंगीत हकीकत छापू दिली. एकदा निर्दोष सुटल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. यात डिटेक्टिव्हनं शोधायचं काय?

शोधायचं असतं ते असं माणूस, जे तेव्हा बोललं नाही आणि आता बोलेल. आणि असा कागद, जो कोर्टात टिकेल. कादंबरीचा ताण या दोन गोष्टींवर उभा करा.

आधी माणसांबद्दल. अलाबामातल्या बर्मिंगहॅममधल्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये १५ सप्टेंबर १९६३ ला बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. पहिली शिक्षा झाली १९७७ मध्ये, रॉबर्ट चॅम्ब्लिसला. त्याच्याविरुद्ध साक्ष कुणी दिली? त्याच्या बायकोच्या भाचीनं. टीव्हीवरची बातमी बघताना तो जे पुटपुटला ते तिनं ऐकलं होतं. बॉबी फ्रँक चेरीला २००२ मध्ये शिक्षा झाली तेव्हा त्याची घटस्फोटित बायको आणि नात साक्षीला उभ्या राहिल्या. घरात तो या बॉम्बची बढाई मारायचा, असं त्यांनी सांगितलं. २००१ मध्ये दोषी ठरलेल्या टॉमस ब्लँटनला गोत्यात आणणारी ध्वनिफीत एफबीआयनं १९६४ मध्ये त्याच्या स्वयंपाकघरात छुपा मायक्रोफोन लावून केलेली होती आणि त्यात तो बोलतोय तेही स्वतःच्या बायकोशी. ही फीत १९७७ च्या सरकारी वकिलाला मिळालीच नव्हती, हा संताप वेगळा.

म्हणजे हे पुरुष घरात बोलायचे. बायका, सुना, नाती ऐकत असायच्या आणि गप्प राहायच्या. घटस्फोट झाला, नवरा वारला, आजोबा स्मृतिभ्रंशानं काहीही बरळायला लागले, की कुठेतरी तोंड उघडतं. तुमची नायिका बाई आहे याचा खरा उपयोग इथे आहे. पोलिस किंवा वार्ताहर पोर्चवर उभा राहून प्रश्न विचारतो. बाईला आत बोलावलं जातं, तिला वाटाणे सोलायला लागता येतं, आणि खरी गोष्ट बहुधा तिसऱ्या भेटीत, नवऱ्याचं औषध शोधता शोधता, सहज निघते. हे काही जादूचं हत्यार नाही. अनेक दारं बाईच्या तोंडावरही बंद होतात, सावळी असेल तर जरा लवकरच. पण गोऱ्या म्हाताऱ्या बाईला तिच्याच शेजारणीपेक्षा परकी भारतीय बाई कधीकधी सोपी वाटते. ही परकी गावात कुणाला सांगायला जाणार नाही, अशी तिची समजूत असते. ही समजूत वापरायची का, हा नैतिक पेच नायिकेला जरूर पडू द्या. मला दरवेळी पडतो.

मात्र घरच्यांचं बोलणं पुरेसं ठरेलच असं नाही. लुइझियानातल्या फेरिडे गावात फ्रँक मॉरिस या कृष्णवर्णीय चर्मकार-व्यावसायिकाचं बुटांचं दुकान १९६४ च्या डिसेंबरमध्ये पेटवून दिलं. भाजलेल्या अवस्थेत तो चार दिवस जगला. तिथल्या छोट्या स्थानिक वर्तमानपत्राचे संपादक स्टॅन्ली नेल्सन यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०११ मध्ये एका संशयिताच्या नातेवाइकांची विधानं छापली. आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणारी ग्रँड ज्युरी बसली, आरोपपत्र कुणावरच आलं नाही. ऐकीव गोष्ट आणि कबुली यांतली रेघ कोर्टात फार बारीक असते. ‘त्यानं मला सांगितलं’ हे चालू शकतं, ‘तो असं म्हणाल्याचं मला अमक्यानं सांगितलं’ हे चालत नाही. तुमची नायिका प्रत्येक भेटीनंतर गाडीत बसून हेच तपासेल: हिनं स्वतः ऐकलं की कुणाकडून ऐकलं?

आता कागद. इथे जरा रेंगाळते, कारण कादंबऱ्यांत हा भाग ‘तिनं जुन्या फायली चाळल्या’ एवढ्यावर उरकतात.

मेडगर एव्हर्स हे एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे मिसिसिपीतले पुढारी. १२ जून १९६३ च्या मध्यरात्रीनंतर जॅक्सनमध्ये स्वतःच्या घरासमोर त्यांना गोळी घातली. बायरन डी ला बेकविथवर १९६४ मध्ये दोन खटले झाले, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही. हा धागा महत्त्वाचा. तो निर्दोष सुटला नव्हता, म्हणून तिसरा खटला शक्य होता. १९८९ मध्ये जेरी मिचेल या वार्ताहरानं छापलं की राज्य सरकारच्याच एका गुप्त आयोगानं बचाव पक्षाला ज्युरर निवडायला मदत केली होती. प्रकरण पुन्हा उघडलं तर जुन्या खटल्याची कागदपत्रं कोर्टात सापडेनात. एव्हर्स यांच्या पत्नी मर्ली एव्हर्स यांनी साक्षींची प्रत एवढी वर्षं जपून ठेवली होती. ती मोलाची का? मधल्या तीस वर्षांत अनेक साक्षीदार वारले होते. मेलेल्या माणसाचं नुसतं प्रतिज्ञापत्र आरोपीविरुद्ध चालत नाही, कारण आरोपीला उलटतपासणीचा हक्क आहे. १९६४ च्या साक्षींची मात्र तेव्हाच उलटतपासणी झाली होती, म्हणून त्या ज्युरीपुढे वाचून दाखवता आल्या. खुनात वापरलेली रायफल सापडली ती सरकारी वकिलाच्या दिवंगत सासऱ्यांच्या घरात. ते न्यायाधीश होते. हे कादंबरीत लिहिलंत तर संपादक म्हणेल, ‘फारच योगायोग झाला.’ बेकविथला ५ फेब्रुवारी १९९४ ला दोषी ठरवलं.

तो गुप्त आयोग म्हणजे मिसिसिपी स्टेट सॉव्हरिन्टी कमिशन, १९५६ ते १९७७. वर्णभेद टिकवण्यासाठी करदात्यांच्या पैशानं चालणारं हेरखातं. त्याच्या फायली २०२७ पर्यंत सीलबंद ठेवायचा कायदा झाला होता. कोर्टाच्या लढाईनंतर त्या मार्च १९९८ मध्ये खुल्या झाल्या, एक लाख तीस हजारांहून जास्त पानं. आता त्या संगणकावर नावानिशी शोधता येतात. या कमिशननं नागरी हक्क कार्यकर्त्यांवर पाळत ठेवायला खासगी डिटेक्टिव्हही नेमले होते. तुमच्या नायिकेला आपल्याच धंद्यातल्या कुणाचा तरी अहवाल त्यात सापडू द्या; व्यवसायाबद्दलचा तिचा अभिमान थोडा खाली येईल.

याखेरीज ती कुठे जाईल? मिसिसिपीत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात दोन वेगळे क्लार्क असतात. फौजदारी खटल्यांचे कागद सर्किट क्लार्ककडे, जमीन आणि मृत्युपत्रं चान्सरी क्लार्ककडे. नवशिके तपासनीस पहिल्याकडे धावतात. मी आधी दुसऱ्याकडे जाते. खून झाला त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मयताच्या कुटुंबाची जमीन कुणाच्या नावावर गेली, हे बघायचं. १९४४ मध्ये मिसिसिपीच्या एमिट काउंटीत रेव्हरंड आयझॅक सिमन्स यांना मारलं ते त्यांच्या जमिनीखाली तेल असल्याची कुणकुण लागल्यावर, आणि मुलाला झोडपून गाव सोडायला लावलं. आर्कान्सातल्या मॅरियनजवळ १९५४ मध्ये जाळून मारलेले आयझडोर बँक्स हे मोठे जमीनदार होते. त्या प्रकरणात आजवर कुणावर खटला नाही. वंशद्वेषाच्या मागे पुष्कळदा एकर आणि कापसाच्या गासड्या असतात. ‘गोऱ्या बाईकडे बघून शिट्टी मारली’ ही कारणं पेपरांनी छापली, सातबारा कुणी बघितला नाही. तिकडे सातबारा नसतो, डीड बुक, म्हणजे खरेदीखतांची नोंदवही, असते. पण आपल्याकडे भाऊबंदकीत वाढलेल्या माणसाला ते वाचायला वेळ लागत नाही.

मग मृत्यूचा दाखला. मृत्यूचं कारण ठरवणारा कॉरोनर हा निवडून आलेला माणूस, डॉक्टर असेलच असं नाही. ‘अज्ञात व्यक्तींच्या हातून मृत्यू’ असं लिहून तो मोकळा व्हायचा, किंवा सरळ ‘बुडून’. म्हणून अंत्यविधी करणाऱ्या कृष्णवर्णीय संस्थांची खातेवही शोधायची. दक्षिणेत मेल्यावरही वेगळं राहावं लागायचं, त्यामुळे प्रेताला शेवटची आंघोळ घालणारा माणूस त्यांच्यातलाच असायचा आणि त्यानं जखमा बघितलेल्या असायच्या. चर्चमधल्या अंत्ययात्रेच्या छापील पत्रिका, शिकागो डिफेंडर आणि पिट्सबर्ग कुरियरसारखी कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रं, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली एनएएसीपीची दफ्तरं, हे सगळं स्थानिक गोऱ्या पेपरात न आलेलं सांगतं. शहरांच्या जुन्या डिरेक्टरीत कृष्णवर्णीयांच्या नावापुढे खूण केलेली असायची. ज्या यादीनं त्यांना वेगळं काढलं, तिच्यावरूनच आज आम्ही साक्षीदारांचे शेजारी शोधतो.

एफबीआयची फाइल माहिती अधिकारात मागता येते. मेलेल्या माणसाची मागायची तर मृत्यूचा पुरावा जोडा. उत्तर यायला महिने लागतात आणि पानांवर काळे पट्टे असतात. २०१९ च्या जानेवारीत या जुन्या फायली खुल्या करण्याचा खास कायदा झाला. त्याची मूळ कल्पना न्यू जर्सीतल्या हाइट्सटाउन हायस्कूलच्या मुलांची. संसदेत तो रेटणारे सिनेटर डग जोन्स, ज्यांनी ब्लँटन आणि चेरीवरचे खटले चालवले होते. त्याआधी २००८ मध्ये एमेट टिलच्या नावाचा कायदा झाला होता, त्याखाली न्याय खात्यानं शंभरावर प्रकरणं पुन्हा तपासली. बहुतेक ‘आरोपी मृत’ या शेऱ्यानं बंद झाली. बंद करताना एफबीआयचा माणूस पत्र घेऊन नातेवाइकांच्या दारात येतो. तुमच्या कथेतल्या पुतणीकडे असं पत्र असेल, हे गृहीत धरा. त्या पत्रापासून सुरुवात केलीत तर सगळ्यात खरं वाटेल, कारण त्यात तपासाचा गोषवारा असतो आणि काय केलं नाही हेही ओळींमधून कळतं.

कायदेशीर मर्यादांचं थोडक्यात सांगते. खासगी डिटेक्टिव्हला अटक करता येत नाही, समन्स काढता येत नाही, पोलिस असल्याचा आव आणणं गुन्हा आहे. फोन कंपनीला थापा मारून कुणाचे कॉल रेकॉर्ड काढणं २००७ पासून केंद्रीय गुन्हा आहे. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानात संभाषणातल्या एकाची संमती असली की ध्वनिमुद्रण चालतं, म्हणजे ती स्वतः बोलत असेल तर चालतं. फ्लोरिडात सगळ्यांची लागते. साक्षीदाराला पैसे द्यायचे नाहीत, जेवण देतानाही विचार करायचा. महत्त्वाच्या भेटीला वकील एकटा कधी जात नाही. उद्या साक्षीदार फिरला तर ‘ती असं म्हणाली होती’ हे सांगायला पिंजऱ्यात उभं राहावं लागतं आणि वकील स्वतःच्याच खटल्यात साक्षीदार होऊ शकत नाही. आमच्या धंद्याचं अर्धं पोट या एका नियमावर चालतं.

वेषांतराचं तुम्ही विचारलंय. परंपरा मोठी आहे. टिलच्या खुनानंतर एनएएसीपीच्या रूबी हर्ली कापूस वेचणाऱ्या बाईचे कपडे घालून मळ्यांवर साक्षीदार शोधत हिंडल्या. १९१९ मध्ये आर्कान्सातल्या इलेन भागात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची कत्तल झाली आणि वर त्यांच्यापैकीच बाराजणांना फाशी सुनावली. आयडा बी. वेल्स शिकागोहून लिटल रॉकच्या तुरुंगात गेल्या त्या कैद्यांच्या बायका-आयांच्या घोळक्यात मिसळून. पहारेकऱ्यांना वाटलं, आणखी एक नातेवाईक. त्यांनी कैद्यांना काय लिहून द्यायला सांगितलं माहितीये? काय घडलं हे तर खरंच, शिवाय किती एकर कसत होता, किती कापूस-मका पिकवला, त्याचं काय झालं. जमिनीच्या कागदांबद्दल मी वर जे लिहिलं ते काही माझं शहाणपण नव्हे, त्यांचं आहे. ते बाराही जण पुढे सुटले. आणि रोझा पार्क्स, ज्यांचं नाव बसमधल्या जागेसाठी सगळ्यांना माहीत आहे, त्या त्याच्या अकरा वर्षं आधी, १९४४ मध्ये, रीसी टेलर या सामूहिक अत्याचार झालेल्या तरुणीची हकीकत नोंदवायला अलाबामातल्या ॲबव्हिलला गेल्या होत्या. शेरीफनं त्यांना हुसकावून लावलं. तुमच्या नायिकेच्या खऱ्या पूर्वज या बायका आहेत, कोट घातलेले सिगारेट ओढणारे पुरुष डिटेक्टिव्ह नव्हेत. पण आज ती खोटं नाव सांगून माहिती काढेल, तर ती माहिती कोर्टात तिच्याच गळ्यात येईल. विरोधी वकील पहिला प्रश्न विचारेल, ‘म्हणजे तुम्ही खोटं बोलता?’

संवाद लिहिताना संबोधनं जपा. गावातल्या वृद्ध कृष्णवर्णीय बाईला नायिका नुसत्या पहिल्या नावानं हाक मारणार नाही, ‘मिस’ लावेल, ‘येस मॅम’ म्हणेल. यामागे जखम आहे. अलाबामात १९६३ मध्ये मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीनं सरकारी वकील आपल्याला नुसतं ‘मेरी’ म्हणतो म्हणून उत्तर द्यायला नकार दिला, तिला तुरुंगवास झाला, आणि निकाल फिरवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. मराठीत ही सोय आहे: गोरा शेरीफ तिला ‘अगं ए’ म्हणेल, नायिका ‘अहो मावशी’ म्हणेल, आणि तुम्हाला तळटीप द्यावी लागणार नाही.

डीएनएचा शेवट कृपा करून टाळा. टिलचं शव २००५ मध्ये उकरलं ते तो टिलच आहे हे सिद्ध करायला, कारण १९५५ च्या खटल्यात बचाव पक्षानं प्रेत त्याचं नाहीच असा कांगावा केला होता. खुनी पकडण्यासाठी अशा प्रकरणांत डीएनए फारसा कामी येत नाही. पुरावे फेकलेले असतात, आणि आरोपी तिथे होता का यापेक्षा ज्युरी त्याला दोषी म्हणेल का हा प्रश्न मोठा असतो.

तुमचा शेवटचा प्रश्न, कुणी तुरुंगात जाईल का. खुनाला मुदत नाही, पण राज्याचा खटला स्थानिक सरकारी वकिलाच्या मर्जीवर. केंद्राला घुसायचं तर १९६० च्या दशकातल्या नागरी हक्क कलमांची मुदत पाच वर्षांची, ती केव्हाच संपली. म्हणून चोरवाटा शोधल्या गेल्या. बेन चेस्टर व्हाइट यांचा १९६६ मधला खून राष्ट्रीय वनात, म्हणजे केंद्राच्या जमिनीवर झाला होता. त्या एका मुद्द्यावर २००३ मध्ये अर्नेस्ट ॲव्हंट्सला शिक्षा झाली, जरी राज्याच्या कोर्टानं त्याला पूर्वी सोडलं होतं. चार्ल्स मूर आणि हेन्री डी या एकोणीस वर्षांच्या दोन मुलांना २ मे १९६४ ला मिसिसिपीत उचललं, लुइझियानाच्या बाजूनं नदीत बुडवलं. राज्याची सीमा ओलांडली म्हणून ते केंद्रीय अपहरण झालं. आरोपी जेम्स फोर्ड सील मेल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं होतं. २००५ मध्ये मूरचा भाऊ टॉमस आणि डेव्हिड रिजन हा कॅनडाचा चित्रपटकार गावात गेले, तेव्हा एकजण सहज म्हणाला, मेला कसला, तो काय तिकडे राहतो. दोन वर्षांनी सीलला तीन जन्मठेपा झाल्या, त्याही साथीदाराला माफी देऊन साक्षीला उभं केल्यावर.

हे सगळं बघता माझा सल्ला काळ बदलण्याचा आहे. १९६४ मध्ये तिशीत असलेला माणूस आज नव्वदीच्या पुढे आहे. कथा आजची ठेवलीत तर नायिका फक्त थडगी मोजेल आणि पुतणीचा प्रश्नही वेगळा होईल. तिला दाखल्यावरचं ‘बुडून’ खोडून हवं असेल, रस्त्याला काकाचं नाव हवं असेल. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात मार्गारेट बर्नहॅम यांचा प्रकल्प २००७ पासून अशाच कामात आहे, आणि तीही चांगली कादंबरी होईल. पण तुम्हाला अटक आणि खटला हवा असेल तर गोष्ट १९९८ च्या उन्हाळ्यात घडवा. कमिशनच्या फायली नुकत्याच खुल्या झाल्यात, बेकविथ तुरुंगात आहे, म्हणून बाकीचे म्हातारे बिथरलेत. त्यांच्या माजी बायका साठीत आहेत, स्मरण शाबूत आहे. नायिकेकडे मोबाइल असला तरी त्या काउंटीत रेंज नाही. तिला जॅक्सनला जाऊन फायली बघाव्या लागतील आणि परतताना कोर्टातल्या सार्वजनिक फोनवरून पुतणीला फोन करावा लागेल, जिथे रांगेतल्या प्रत्येकाला ऐकू जातं.